थेंबामागचं कापड

थेंबाचा फोटो काढायचा म्हणजे आधी अर्धा दिवस थेंबाची मनधरणी करायची. पाण्यात थोडं ग्लिसरीन मिसळायचं, म्हणजे तो लवकर ओघळत नाही. मग ड्रॉपरने तो बारीक तारेवर टांगायचा आणि मागे हातभर अंतरावर रंगीत कापड धरायचं. ते कापड थेंबात उलटं उतरतं. असे फोटो काढते म्हणून गल्लीत तिला सगळे थेंबवाली म्हणायचे आणि तिला त्याचं काही वाटत नसे.

कापड धरायचं काम तिच्या वडिलांकडे होतं. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस. हात थरथरायला लागले, सुईत दोरा जाईना, तेव्हा दुकान बंद करून कापडाच्या तुकड्यांची दोन पोती घेऊन ते लेकीकडे राहायला आले. कुठला निळा कुठल्या पिवळ्याशी भांडेल, हे त्यांना बरोबर कळायचं. पण हात हलायचा.

"बाबा, हलू नका!" ती दिवसातून पन्नास वेळा ओरडायची.

"मी कुठे हलतोय? हात हलतोय," ते म्हणायचे.

मग तिला डोळ्यांच्या दवाखान्याचं काम मिळालं. भिंतींवर लावायला थेंबांचे बारा मोठे फोटो हवे होते. डॉक्टरीणबाईंना तिचे नमुने फार आवडले होते. "ऑपरेशन झालेल्या माणसाची नजर अलगद टेकली पाहिजे," त्या म्हणाल्या. एवढं मोठं काम पहिलंच, म्हणून तिने धोका पत्करला नाही. लोखंडी स्टँड आणला, चिमट्यांनी कापड ताणून बसवलं आणि वडिलांना सांगितलं, "तुम्ही आता आराम करा."

वडील बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. आराम कशाशी खातात हे त्यांना माहीत नव्हतं. पुढे रोज तिथल्या टेबलावर पाणी सांडलेलं दिसायचं. वय झालं, असं म्हणून ती ते पुसून टाकायची.

पंधरा दिवसांनी ती बारा फोटो घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी एकेक फोटो पाहिला आणि चष्मा काढून ठेवला.

"अहो, थेंबात कापड दिसतंय. वीणसुद्धा मोजता येईल. आधीच्यात नुसता रंग होता. शुक्रवारपर्यंत तसे जमतील का? नाहीतर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

घरी येऊन तिने जुने नमुने आणि नवे फोटो शेजारीशेजारी लावले. कॅमेरा तोच, लेन्स तीच, कापडंही तीच. शटर दोन सेकंद उघडं ठेवायची सवयसुद्धा तीच. तेवढ्या वेळात मागचं कापड थरथरलं की घड्या, वीण सगळं पुसलं जायचं आणि थेंबात फक्त रंग उरायचा. जो मऊपणा ती स्वतःच्या हातचा म्हणून मिरवत होती, तो बाबांच्या हातचा होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि वर तो कळसा हलतो म्हणून आरडाओरडा. तिला स्वतःची लाज वाटली.

ती बाहेरच्या खोलीत आली. "बाबा, उद्यापासून कापड तुम्हीच धरा."

वडिलांचा चेहरा खुलला. "उद्या कशाला? आत्ताच चल. आणि हे बघ." त्यांनी टेबलावरचा काठोकाठ भरलेला पेला उचलला, कोपर बरगड्यांशी घट्ट दाबलं आणि पेला समोर धरला. पाणी सांडलं नाही. "पंधरा दिवस हेच चाललंय, रोज दोन तास. आता म्हण, हलू नका!"

आता हात हलवा, असं कुठल्या तोंडाने सांगणार?

वडील तारेमागे मोरपंखी कापड धरून उभे राहिले. पहिल्या वीसही फोटोंत कापडाची वीण स्पष्ट दिसत होती. ती म्हणाली, "छान." ते म्हणाले, "मग!" आणखी वीस झाले. गरज नसताना ती थेंब बदलत राहिली. आपण वडिलांना दमवतोय हे तिला कळत होतं, वाईटही वाटत होतं, पण दुसरं काही सुचत नव्हतं.

पाऊण तासाने त्यांच्या कपाळावर घाम आला. कोपर बरगड्यांपासून सुटलं. कापडाची कड थरथरू लागली आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोरपंखी रंग थेंबभर पसरला.

"हललं का गं?" त्यांनी घाबरून विचारलं.

"नाही," ती मान वर न करता म्हणाली. "अजिबात नाही. तसंच धरा."