नैडेनचा बाक

पेर्निक या खाणींच्या गावातल्या त्या इमारतीला लिफ्ट नव्हती आणि डोब्रिनाचं घर चौथ्या मजल्यावर. दोन्ही गुडघे कामातून गेलेले. पाव घेऊन आली की दारापुढच्या बाकावर घटकाभर टेकायची, मगच जिना. तो बाक नसता तर बाईचं खाली उतरणंच संपलं असतं.

बाक तिच्या नवऱ्याने, नैडेनने, रोवलेला. खाणीत छताला आधार ठोकण्यात त्याचा जन्म गेला. साधंसुधं काम त्याला जमायचंच नाही. आज त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती. रिवाजाप्रमाणे दारावर त्याच्या फोटोचा पुण्यतिथीचा कागद चिकटवून डोब्रिना साखर-अक्रोड घातलेले उकडलेले गहू वाटायला खाली आली, तर दोन कामगार बाकाशी झटत होते. पायांवरचे नट नुसते गरागरा फिरत होते, निघायचं नाव नाही.

तळमजल्यावरची झ्लात्का शेजारी उभी. तिच्या लेकाने नवी गाडी घेतली होती आणि ती ठेवायला हीच जागा हवी होती. पण हे ती कशाला बोलतेय! आतल्या गाठीची बाई. फळ्या बदलून, रंग देऊन बाक परत बसवणार, असं तिने गोड आवाजात सांगितलं.

डोब्रिनाने तिघांनाही गव्हाचे पेले दिले. गहू हातात घेतले की गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायचं, ही रीतच. "देव त्यांना क्षमा करो," झ्लात्का म्हणाली. "काय हात होता हो नैडेनकाकांचा! यांना तासभर झटूनही निघत नाहीये. बसवला तरी कसा त्यांनी?"

डोब्रिनाला भरून आलं. तीन वर्षांत कुणी त्याच्या हाताचं नाव काढलं नव्हतं. तिने भडाभडा सगळं सांगून टाकलं. नट नुसते दाखवायला. खाली काँक्रीटमध्ये लोखंडी नळ्या पुरल्यात, पाय त्यांत उतरवलेत, आणि मागच्या बाजूला वीतभर उकरलं की आडवी खीळ लागते.

कामगारांनी गहू संपवले, तोंड पुसलं, उकरलं, खीळ ओढली. दोन मिनिटांत बाक ट्रकवर. मग ते घणाने नळ्यांची तोंडं ठोकून सपाट करायला लागले, तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

"अगं, मग मी बसू कुठे?"

"घरी बसा की, काकू," झ्लात्का रिकामा पेला परत देत म्हणाली. "आणि तुम्हीच तर सांगितलंत."

घटकाभर टेकल्याशिवाय डोब्रिनाला जिना चढणं शक्यच नव्हतं. भिंतीला धरून ती तिथेच, बाकाच्या रिकाम्या जागी, जमिनीवर बसली, आणि मग तिला उठता येईना. थोड्या वेळाने झ्लात्काचा लेक गाडी घेऊन आला. त्याने काचसुद्धा खाली केली नाही, नुसता हॉर्न वाजवत राहिला.