आपल्या कॉलेजचं नाव घ्यायचं नाही

जरा सरकून बसता का? ते टोक आज मोकळं ठेवायचंय. हां, आता बरं. का ते सांगतेच, पण आधी मी कोण ते ऐका. तुम्ही ज्याला चहाच्या हॉटेलातलं बाकडं समजून बसलात, ती मी खरं तर हॉकीच्या गोलची फळी आहे. जाळीच्या खाली, अगदी मागं, आडवी लावतात ती. चेंडू आत गेला की ठक्‌ असा आवाज होतो ना, तो माझा.

खोटं वाटत असेल तर हात खाली घालून बघा. खालच्या अंगाला चेंडूंनी पाडलेले खळगे लागतील. वरची बाजू मात्र गुळगुळीत आहे. ती माणसांनी बसून बसून केली.

जालना जिल्हा झाला, त्याच साली माझा जन्म झाला. अंबडच्या रस्त्यावर एक जुनं कडुलिंबाचं झाड पाडलं होतं. रखमाजी सुतारांनी त्याच्या फळ्या जोडून दोन लांब फळ्या केल्या आणि वरून डांबराचा हात मारला. जिल्हा नवा, तेव्हा लोकांना सगळंच आपलं स्वतःचं हवं होतं. कॉलेजनं मराठवाड्यातल्या कॉलेजांची हॉकी स्पर्धा जाहीर केली. मैदानावर पाणी मारलं, चुन्याच्या रेघा ओढल्या, गोल उभे राहिले. एका गोलला मी लागले आणि दुसऱ्याला माझी बहीण.

स्पर्धा संपल्यावर आम्हाला ठेवायचं कुठं असा प्रश्न आला. बहिणीला कॉलेजच्या खोलीत जुन्या चटयांमागं टाकलं. मला अंबड चौफुलीवरच्या कमरोद्दीन चाचांनी मागून घेतलं. "स्पर्धा आली की घेऊन जावा. तवर माझी गिऱ्हाइकं बसतील," म्हणाले. दोन बाजूंना दगड रचून त्यांनी मला आडवं केलं आणि माझं नशीब उघडलं. मी मुळातच चौकस. मला चटयांमागं टाकलं असतं तर मी नुसत्या विचारानंच कुजले असते.

मला दिसतं कमी. गोलमध्ये असले की पुढं उभ्या गोलकीपरच्या टाचा आणि पोटऱ्या तेवढ्या दिसतात. पण माझ्यावर बसलेल्या माणसाचं वजन मला कळतं. बोलणं एक असतं आणि बूड दुसरंच सांगत असतं. खोटं बोलणारा माणूस किंचित उचलला जातो. घाबरलेला माझी कड धरून बसतो. हे मला कुणी शिकवलं नाही, बसणाऱ्यांनीच शिकवलं.

स्पर्धा जवळ आली की संध्याकाळी इथं पाय ठेवायला जागा नसायची. सगळ्यात पुढं वसंता. तो बी.ए.च्या शेवटच्या वर्षात इतका रमला होता की नवे प्राध्यापक त्यालाच वर्ग कुठं भरतो ते विचारायचे. दुसरा तातेराव, याच कॉलेजचा जुना विद्यार्थी, आता एमआयडीसीतल्या लोखंडाच्या कारखान्यात कामाला. पाळी संपली की सायकल थेट इकडं. कपड्यांना लोखंडाचा वास आणि तोंडात नांदेडचं नाव.

"नांदेडवाल्यांचा लेफ्ट इन बघितला का? चेंडू काठीला चिकटून राहतोय," तातेराव म्हणायचा.

"तू कधी बघितला?"

"बघायला कशाला पायजे? सगळे बोलून राह्यलेत."

"औरंगाबादसमोर कोन टिकतंय?" वसंता म्हणायचा. "परभणी बरी हाय. बीडवाले पळतेत लई, पन गोलसमोर आले की पत्ता इचारतेत."

मला मोठी गंमत वाटायची. यातल्या एकानंही नांदेडला पाऊल टाकलेलं नव्हतं. तरी तिथल्या पोरांच्या मनगटात किती जोर आहे ते यांना माहीत. एका अर्ध्या चहावर चार कॉलेजं हरायची आणि दुसऱ्यावर जिंकायची.

पण त्याहून नवल एका गोष्टीचं वाटायचं. या चर्चेत आपल्या जालन्याच्या कॉलेजचं नाव कुणीच घ्यायचं नाही. एखाद्या नवख्यानं विचारलंच, "अन् आपलं?" की सगळे आपापला ग्लास उचलायचे. मग कुणीतरी ग्लासात बघत म्हणायचं, "आपलं सोडा." लगेच विषय बीडवर.

कारण जुनं होतं. पहिल्याच वर्षी आपलं कॉलेज अंतिम सामन्यात गेलं, तेव्हा चाचांनी आदल्या दिवशी साऱ्या चौफुलीला ओरडून सांगितलं होतं, "कप अपनाच है!" पातेलंभर गुलाबाचं सरबत करून ठेवलं. दुसऱ्या दिवशी आपण हरलो आणि ते सरबत पाहुण्यांनी प्यायलं. चाचांच्या मनानं घेतलं की आपली जीभ काळी. तेव्हापासून माझ्यावर बसून आपल्या कॉलेजचं नाव घ्यायचं नाही, असा नेम पडला. कुणी लिहिला नाही, कुणी सांगितला नाही, पण सगळे पाळायचे. "आपलं सोडा" म्हणताना ही सगळी माणसं माझ्यावर कशी पुढं सरकायची ते फक्त मला माहीत. सगळं वजन एकदम पुढच्या कडेला यायचं. जीव सगळ्यांचा तिथंच अडकलेला होता.

काही वर्षांनी कडूबा आला. जांब समर्थ गावचा पोरगा, कॉलेजात नवा. जुन्या गोलकीपरचं बोट मोडलं म्हणून सरांनी याला उभं केलं. तो संध्याकाळी यायचा, माझ्या टोकाला बसायचा, रस्त्याच्या बाजूच्या. एक चहा घ्यायचा आणि ऐकायचा. त्याला तो नेम ठाऊक असायचं काही कारणच नव्हतं.

स्पर्धेच्या तोंडावर गोलकीपरांची चर्चा निघाली. वसंतानं औरंगाबादच्या गोलकीपरची आरती सुरू केली. तातेरावानं नांदेडचा काढला. मग कुणीतरी विचारलं, "अन् आपला?"

कडूबाचं वजन थांबलं. म्हणजे श्वासाबरोबर होते ती हालचालही थांबली.

"आपलं सोडा," वसंता म्हणाला. तातेराव हसला. बाकीचेही हसले, ते नेहमीचं, नजर उतरवल्यासारखं हसणं. चर्चा परभणीकडं वळली. थोड्या वेळानं माझं टोक हलकं झालं. कडूबा उठून गेला होता आणि त्याचा चहा तसाच माझ्यावर राहिला होता. मला फार वाईट वाटलं. आज तुमच्याशी बोलतेय तसं तेव्हा मला बोलता येत असतं तर मी लगेच बोलले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत आला, पिशवी घेऊन. अंबडची एसटी चाचांच्या हॉटेलासमोरच थांबते.

"कुठं रे?" चाचांनी विचारलं.

"घरी. सरांना पॅड देऊन आल्तो."

"उद्या मॅच है ना?"

"खेळतील दुसरे कुनी." त्यानं माझी कड घट्ट धरली होती. "चाचा, इथं बसनारे सगळे बराबर बोलतेत. इतकी कॉलेजं मोजतेत, त्यात आपलं येतच न्हाई. मंग मी गोलमधी उभा राहून हसं कशाला करून घेऊ? बाप शेतात एकटाच हाय. त्याला तरी मदत व्हईल."

वसंता पलीकडं चहा पीत होता. तो ग्लास टाकूनच उठला. "आरं येड्या, ते तसं बोलायचं असतंय!"

"तसं म्हंजे कसं?"

खरं काय ते सांगायचं म्हणजे नाव घेणं आलं. वसंतानं चाचांकडं बघितलं. चाचा चुलीकडं बघत राहिले. तेवढ्यात एसटी आली. कडूबानं पिशवी उचलली आणि माझं टोक दुसऱ्यांदा हलकं झालं.

"ठहर," चाचा म्हणाले. ते बाहेर आले आणि कडूबाच्या जागेवर माझ्यावर बसले. इतक्या वर्षांत ते कधी माझ्यावर बसले नव्हते. "बेटा, हे सगळे झूठ बोलतेत. डरतेत, म्हनून बोलतेत. मी सबसे ज्यादा डरतो. यांच्या मनात दुसरी टीमच न्हाई."

"चाचा, नका बोलू!" वसंतानं कानांवर हात ठेवले.

"आज बोलतो. जो होगा सो होगा. कप अपना है. तू गोल में खडा है, म्हनून अपना है."

कंडक्टरनं दोनदा घंटी वाजवली आणि एसटी कडूबाला सोडून निघून गेली. दुपारी पोरं मला न्यायला आली तेव्हा माझं एक टोक त्यानंच उचललं होतं.

आपलं कॉलेज अंतिम सामन्यात गेलं. समोर औरंगाबाद. पहिला अर्धा वेळ कडूबा बहिणीपुढं होता, दुसऱ्या अर्ध्यात माझ्यापुढं आला. मी त्याच्या टाचा बघत होते. मी आवाज करण्यासाठी जन्मलेली. चेंडू लागला की मला आनंद व्हायचा, मग तो कुणाचाही असो. त्या दिवशी मात्र मला एकही चेंडू नको होता. त्यानं पॅडनं अडवला, हातानं अडवला, एक तर छातीवर घेतला. मैदानाभोवतीचे लोक त्याचं नाव घेऊन ओरडत होते. सगळ्यात वरचा आवाज चाचांचा होता.

अगदी शेवटी गोलसमोर गर्दी झाली. धूळ उडाली. कडूबा आडवा पडला आणि त्याच्या पॅडला घासून चेंडू घरंगळत माझ्याकडं आला. ठक्‌ झालंच नाही. तो नुसता येऊन टेकला. माझ्या आयुष्यातला सगळ्यात हलका चेंडू तो. तेवढ्यानं आपण हरलो.

संध्याकाळी मला परत दगडांवर ठेवलं. चाचा चुलीपाशी तोंड फिरवून बसले होते. "मी बोललो म्हनून गेला," एवढंच म्हणाले.

कडूबा लंगडत आला. टोकाला न बसता बरोबर माझ्या मधोमध बसला, वसंता आणि तातेरावाच्या मध्ये.

"चाचा, तुमी न्हाई बोलले असते तर मी आज शेतात असतो," तो म्हणाला. "हारायला तरी उभा राह्यलो ना? पुढल्या साली बी बोला."

चाचा त्या सालीही बोलले आणि त्यानंतर दर साली बोलले. कप आला एकदाच, तोही कडूबानं कॉलेज सोडल्यावर. मला हे अजून पटलेलं नाही, पण तसं झालं खरं. मग स्पर्धाच बंद पडली. का, ते माझ्यावर बसून पुष्कळांनी सांगितलं, प्रत्येकानं वेगळं. बहीण खोलीतच वाळवीनं गेली म्हणे. तिच्या नशिबी चेंडू होते, माणसं नव्हती.

मी मात्र इथंच आहे. चुलीवर आता चाचांचा मुलगा सिराजोद्दीन असतो. चाचा खुर्चीत काठी धरून बसतात. वसंतानं समोर झेरॉक्सचं दुकान टाकलंय. कडूबा बियाण्याच्या कारखान्यात आहे. आणि त्याची पोरगी कौसल्या, आजीच्याच नावाची, अकरावीत आहे. हॉकी खेळते. गोलमध्ये उभी राहते.

परवा सकाळी ती औरंगाबादला मुलींच्या स्पर्धेला निघाली. बापलेक एसटीची वाट बघत होते. ती रस्त्याच्या बाजूच्या टोकाला बसली, आपला बाप कधीकाळी इथंच बसायचा हे माहीत नसताना. वसंता आणि तातेराव नेहमीसारखे सुरू झाले. परभणीच्या पोरी अशा, नांदेडच्या तशा. तातेराव म्हणाला, "कडूबा, तुमच्या पोरींचं काय?"

कडूबा माझ्यावर पुढं सरकला. अगदी कडेला आला. आणि म्हणाला, "आपलं सोडा."

माझ्या टोकाला कौसल्याचं वजन थांबलं. तसंच, श्वासासकट. मला वाटलं, आता माझे दोन तुकडे होतील.

चाचांची काठी माझ्यावर वाजली. "कडूबा," एवढंच म्हणाले ते.

एसटी वळणावर दिसत होती. कडूबा उठला, पोरीसमोर जाऊन उभा राहिला. "कौसे, माझं चुकलं. कप तुमचाच हाय. तू हायेस गोलमधी, म्हनून तुमचा हाय."

"बाबा, लोक ऐकून राह्यलेत."

"ऐकू दे."

ती हसली. मला दिसलं नाही, पण उठताना तिनं मला हातानं जो रेटा दिला त्यावरून कळलं. एसटी या वेळी तिला घेऊनच गेली.

आज अंतिम सामना आहे. आपल्या पोरी त्यात आहेत, एवढं काल फोनवर कळलं. पुढचं काही कळलेलं नाही. कडूबा आज कामावर गेला नाही. तुमच्या शेजारी जो रस्त्याकडं बघत बसलाय ना, तोच तो. त्याच्या पलीकडचं टोक तिच्यासाठी ठेवलंय. जिंकून येवो, हरून येवो, आल्यावर तिनं तिथं बसायचं.

तुम्ही औरंगाबादकडून आलात का? काही कळलं असेल तर आधी त्याला सांगा, मग मला. नसेल कळलं तर आणखी एक चहा घ्या आणि आमच्याबरोबर थांबा. आणि तुमच्या घरचं कुणी कुठं खेळत असेल, तर माझ्यावर बसून त्याचं नाव मोठ्यानं घ्या. मी ऐकतेय.