दुसरा हुंकार

…रेकॉर्डिंगचा मसुराएवढा लाल दिवा विझलेलाच होता, कारण रेकॉर्डर आज ऐकत नव्हता, ऐकवत होता. तरी तिला उगाच वाटलं की हा झोपेचं सोंग घेऊन पडलाय. हेडफोन कानांवर घट्ट दाबून तिने ध्वनिमुद्रण पुन्हा मागे नेलं. शिवणकाम करणाऱ्या बाई म्हणत होत्या, "दार उघडंच ठेवते मी. कधीही येऊ दे, मुलगाच आहे माझा." मग तिचा स्वतःचा "हं." आणि त्या पाठोपाठ, जरा खालच्या पट्टीत, आणखी एक "हं."

खोलीचा प्रतिध्वनी असेल म्हणून सकाळपासून तिने जुन्या मुलाखती काढून ऐकल्या होत्या. एका मास्तरांची मुलाखत तर बागेतल्या बाकावर झाली होती, आणि उघड्यावर कसला आलाय प्रतिध्वनी… पण तिथेही तो दुसरा 'हं' होता. कधी तिच्या मागून यायचा. एकदा तर तिच्या आधी.

घर सोडून निघून गेलेल्या माणसांच्या मागे जे उरतात, त्यांच्यावर तिचं संशोधन होतं. मार्गदर्शक मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं — प्रश्न एकच विचारायचा आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचं. फार तर 'हं' म्हणायचं. रिकामी जागा माणसाला सोसवत नाही, तो ती आपणच भरून काढतो. यात तिचा हातखंडा होता. "तू नुसती समोर बसलीस तरी भिंतसुद्धा बोलेल," असं मॅडम म्हणायच्या. मात्र तिचा स्वतःचा दादाही असाच एके दिवशी निघून गेला होता, याबद्दल तिने मॅडमना ताकास तूर लागू दिली नव्हती.

बाईंची मुलाखत चालू असताना आईचा फोन आला होता आणि ती जिन्यात गेली होती — रेकॉर्डर तसाच चालू ठेवून, म्हणजे अगदी नवशिक्याची चूक. दादाबद्दल आईचा रोजचाच प्रश्न, "काही कळलं का गं?" आणि तिचं रोजचंच, "नाही, आई." तेवढी मिनिटं आता पुढे सरकवायची, एवढंच काम होतं. हेडफोनमध्ये दार लागल्याचा आवाज झाला, आणि तिचं बोट थबकलं, कारण बाई बोलत होत्या.

"ती बाहेर गेलीय, म्हणून सांगते."

"हं."

"आला ना तो, तर आतून कडी घालीन मी. आता कुठे रात्रीची झोप लागते मला. आईने असं बोलू नये…"

"हं."

"तिला सांगू नका."

बाईंच्या घरात दुसरं कोणी नव्हतं. शिलाई मशीन होतं, आणि कोपऱ्यात अर्धवट शिवलेला झगा अंगात घातलेला, बिनमुंडक्याचा पुतळा. त्याच्याकडे पाठ करून ती बसली होती. हेच वाक्य तर ती वर्षभर घरोघर शोधत फिरली होती, आणि ते सांगितलं होतं दुसऱ्याच कोणाला. टाईप करायला उचललेली बोटं तिने मांडीवर ठेवली.

लहानपणी अंधारात शेजारशेजारच्या खाटांवर ती दादाला गोष्टी रचून सांगायची, आणि हुंकार द्यायचं काम दादाचं. "हुंकार थांबला की गोष्ट थांबली," असा तिचा दम असायचा. म्हणून तो झोपेतसुद्धा 'हं' म्हणायचा, असाच, खालच्या पट्टीत… तोच दादा. त्यानेच पुढे आईचं मनगट पिरगाळून मोडलं, आणि आईने डॉक्टरांना सांगितलं, पाय घसरला. तो घरी आला नाही त्या रात्री आपण किती गाढ झोपलो, हे तिला पक्कं आठवत होतं. सकाळी आई रडत होती, आणि आपल्याला भूक लागली होती.

फोन वाजला. आईच. "काही कळलं का गं?"

या वेळी 'नाही' तोंडातून निघेना.

"आज बरणीचं झाकण उघडलं मी," आई मध्येच म्हणाली. "त्याच हाताने."

"हं."

"बरं वाटलं." आईचा आवाज एकदम खाली आला. "ठेवते."

फोन कधीच बंद झाला होता, तरी ती तो कानाशी धरून उभी होती. मग तिने रेकॉर्डर टेबलाच्या मधोमध ठेवला, खुर्ची उचलून रेकॉर्डरच्या पलीकडे नेली, मुलाखतीत नेहमी समोरचा माणूस बसायचा त्या बाजूला, आणि बटण दाबलं. दिवा लागला.

"दादा," ती म्हणाली. आपला आवाज तिला परका वाटला. "तू परत येऊ नकोस."

स्वयंपाकघरात फ्रिज घरघरला आणि थांबला. दिवसभर ज्या आवाजाने अंगावर काटा येत होता, त्याची ती आता श्वास रोखून वाट पाहत होती — दादा ऐकतोय, झोपेत का होईना, एवढं तरी कळावं म्हणून. काहीच आलं नाही. दिवा तेवढा लाल होता… आणि ती रिकामी जागा सोसवेना, तशी ती पुढे बोलू लागली.