राखोलीच्या स्कूटरची पूर्ण बातमी

समाधानचा आक्षेप मान्य झाला, 'पूलवार्ता' साप्ताहिकाने त्याचं नाव फोटोसकट पहिल्या पानावर छापलं आणि डोकमर्डीत त्याला संपूर्ण न्याय मिळाला. पण असं काही झालेलंच नाही. समाधानला विचारलंत तर तो हेच सांगेल. म्हणून आपणही झालं नाही असंच धरून चालू आणि स्कूटरपासून सुरुवात करू.

स्कूटर अशोकसाहेबांची. साहेब पुण्याचे, सिल्वासाजवळच्या राखोलीच्या सूत कारखान्यात मॅनेजर. नव्वद सालच्या हिवाळ्यात ते नदीकाठचा पंप बघायला आले, स्कूटर उतारावर स्टँडला लावली आणि पंपाच्या खोलीत गेले. बाहेर आले तेव्हा स्कूटर दमणगंगेत होती. पाणी कमरेइतकं. साहेब काठावर उभे राहून इंग्रजीत हळहळले. कारखान्यातला कामगार संजू पाण्यात उतरला, त्याने स्कूटरला दोर बांधला आणि काठावरून समाधानने आणि आणखी काहीजणांनी ती ओढून काढली. एवढंच झालं. कुणी बुडालं नाही, कुणी मेलं नाही, एक बेडूक तेवढा डिकीत सापडला.

'पूलवार्ते'त बातमी आली: 'युवकाचे धाडस, स्कूटरला जीवदान'. खाली स्कूटरवर बसलेल्या संजूचा फोटो, मागे हिमालय.

हिमालयाचं कारण असं की 'पूलवार्ते'चा संपादक, वार्ताहर आणि अंक वाटणारा हे तिघेही एकटा जयवंतच होता, आणि पोटासाठी तो सिल्वासात फोटो स्टुडिओ चालवायचा. उजेड चांगला म्हणून सगळ्या बातम्यांचे फोटो तो स्टुडिओतच, हिमालय रंगवलेल्या पडद्यासमोर काढी. अथालच्या पुलावर केळ्यांचा टेम्पो उलटला, तेव्हा त्याचा ड्रायव्हरही याच बर्फासमोर बनियनवर उभा राहिला होता.

संजू आणि समाधान दोघेही शिरपूरकडचे, एकाच पाळीत, एकाच मशीनवर, डोकमर्डीच्या चाळीत भिंतीला भिंत. संजूला साधी सायकल येत नव्हती. तरी आठवड्याभरात त्याला सगळे 'स्कूटरवाला' म्हणायला लागले. त्याने मिशा कोरल्या. शिफ्ट सुटली की तो गेटमधून एक हात खिशात घालून बाहेर पडू लागला, आणि तो हात खिशात काय करतो हे समाधानला रात्रंदिवस कळेना.

त्यात कावेरीने, म्हणजे समाधानच्या बायकोने, भांड्यांच्या वरच्या फळीवर नेमकं तेच पान अंथरलं. डब्यांच्या मधून संजू बघत होता.

"दुसरा कागद नव्हता का?"

"हा जाड आहे."

"सगळा पेपर एकाच जाडीचा असतो."

"मंग उलटा टाकते. पण मांगल्या बाजूला मूळव्याधीची जाहिरात आहे. तुमाले तीच बघायची असंन तर सांगा."

जेवताना समाधानने फळीकडे पाठ केली, पण पाठीलाही समजत होतं.

आता मंजुळाबाईच्या खानावळीचा रिवाज सांगायला हवा. कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी जेवणं झाली की 'पूलवार्ता' मोठ्याने वाचली जायची. बातमी पटली तर पाण्याचा पेला सरळ ठेवायचा, नाही पटली तर उपडा. जयवंतही तिथेच जेवायचा, पण त्याला पेला वापरायला मनाई होती. त्याने मतदानाच्या वेळी थेट तांब्याने प्यायचं. आणि वाचायचा मान समाधानचा. आवाज खणखणीत, शिक्षण दहावीपर्यंत. खानावळीतलं त्याचं वजन एवढ्यावरच होतं.

संजूची बातमी त्याने निधनवार्तेच्या सुरात वाचली. तरी त्याचा सोडून सगळे पेले सरळ.

"थांबा," समाधान म्हणाला. "राखोलीला हिमालय आहे का?"

"मांगं काहीतरी पायजेच ना भाऊ," मंजुळाबाई भाकरी उलटत म्हणाली. "भिंत दाखवायची का?"

"बरं, दोर कोणी ओढला? त्याचं नाव?"

"ओढणारे पाच-सहा होते, भो," संजू म्हणाला. "समद्यांची नावं टाकायला ते काय लग्नपत्रिका आहे?"

लोक हसले. ते हसणं समाधानला छातीत लागलं आणि तिथून तो थेट तत्त्वावर गेला.

"बातमीत कोण, कुठं, कधी आणि का, एवढं पाहिजे. यात 'का' कुठंय? स्कूटर नदीत गेली कशी? म्हशीसारखी डुंबायला गेली? जयवंतभाऊ, तुम्ही वाचकांपासून अर्धी बातमी लपवली. ही एकतर्फी बातमी आहे."

भिकाने, म्हणजे पंपाच्या खोलीवरच्या वॉचमनने, पेला उपडा केला. त्याचं बघून शेजारच्याने. टक, टक करत सगळी पंगत उपडी झाली. शेवटी संजूनेही केला, कारण त्यालाही 'का' माहीत नव्हता.

जयवंत तांब्या खाली ठेवून म्हणाला, "वाचकांचं म्हणणं रास्त आहे. पुढच्या अंकात पूर्ण बातमी देतो."

इतका आनंद समाधानला लग्नातही झाला नव्हता. तो शीळ घालत डोकमर्डीच्या रस्त्याला लागला. वाटेत एका पानाच्या टपरीवर आरसा होता. सवयीने त्याने खिशातून कंगवा काढला, आणि कंगवा केसांपाशी पोचायच्या आत त्याला 'का' आठवला.

साहेब पंपाच्या खोलीत गेल्यावर स्कूटरच्या आरशात भांग पाडायला समाधानच गेला होता. आरशावर ऊन येत होतं, म्हणून त्याने स्कूटर स्टँडवरून काढून जराशी फिरवली. भांग सरळ पडला. स्कूटरही सरळच गेली. हे त्याने लपवलं होतं असं नाही, तो विसरला होता. संजूच्या फोटोने डोक्यात इतकी जागा घेतली होती की बाकीचं सामान बाहेर काढावं लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो स्टुडिओत गेला.

"जयवंतभाऊ, ते 'का' राहू द्या. बातमी चांगली होती. हिमालय तर फारच छान."

"आता नाही जमणार. वाचकांची मागणी आहे."

"मागणी माझीच होती."

"मग तुम्ही वाचकच ना? शिवाय भिकाने सगळं सांगितलं. त्याने पाहिलं होतं."

"इतके दिवस बोलला का नाही तो?"

"म्हणतो, कोणी विचारलंच नाही. तुम्ही विचारलंत." जयवंतने दिवा लावला. "बरं झालं आलात. फोटो लागेल तुमचा."

समाधान दारापर्यंत गेला होता. तिथे थांबला.

"केवढा?"

"पूर्ण बातमी आहे. मोठा लागेल."

"संजूपेक्षा?"

"दुप्पट."

इथे शहाण्या माणसाने चप्पल घालून निघून जायला हवं होतं. समाधानने शर्ट खोचला आणि हिमालयासमोर बसला. जयवंत म्हणाला, कंगवा हातात घ्या, बातमीला धरून होईल. त्याने घेतला. मान कोणत्या बाजूला बरी दिसेल, हेही त्यानेच विचारून घेतलं.

पुढच्या सुट्टीला अंक आला. वाचायचा मान समाधानचा, तो काही कोणी काढून घेतला नाही. त्याने दुसऱ्या कोणाला अंक देऊन पाहिला, पण सगळे म्हणाले, आवाज तुझाच पाहिजे. मग त्याने खणखणीत आवाजात वाचलं, 'भांगापायी स्कूटर नदीत, कामगार समाधान यांचा हलगर्जीपणा'. कोण, कुठं, कधी, का, सगळं होतं. चूक काढायला तसूभर जागा नव्हती. त्याने शोधली.

सगळे पेले सरळ. खानावळीच्या इतिहासात एकमताने पास झालेली ही पहिली बातमी.

"खरी आहे भो," संजू हळूच म्हणाला. "आणि फोटो लय भारी आलाय. माझ्यापेक्षा मोठा."

तो मनापासून बोलत होता, हे समाधानला सर्वांत जास्त लागलं.

कारखान्यात अशोकसाहेबांनी पाटी लावली, 'वाहनांच्या आरशात पाहू नये'. ती फार दिवस टिकली नाही. घरी मात्र कावेरीने नवा अंकही अंथरला, खालच्या फळीवर, मिरचीच्या डब्याखाली. वरच्या फळीवर संजू होता तिथेच.

"मला वर टाक ना."

"वर जाड कागद लागतो."

त्यावर समाधानने बसून अर्ज लिहिला आणि स्वतः जयवंतच्या हातात दिला. तो असा:

'मा. संपादक, साप्ताहिक पूलवार्ता यांस. विषय: दोन्ही अंक रद्द करणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, स्कूटरसंबंधीचे दोन्ही अंक प्रसिद्ध झालेच नाहीत असे जाहीर करण्यात यावे, व भजी बांधलेल्या कागदांसह त्यांच्या सर्व प्रती वाचकांकडून परत मागवून घ्याव्यात. ते शक्य नसल्यास, सौ. कावेरी यांच्या वरच्या फळीवरील श्री. संजू यांचे छायाचित्र खालच्या फळीवर व अर्जदाराचे छायाचित्र वरच्या फळीवर हलविण्याचे आदेश आपल्या अधिकारात तात्काळ निर्गमित व्हावेत, आणि केलेल्या कार्यवाहीची एक प्रत संजूला माहितीसाठी पाठवावी, ही नम्र विनंती.'