झिंगा उडत नाही

मुलांचे दात काढायचे तर हातापेक्षा तोंड जास्त चालवावं लागतं, असं डॉक्टरमावशींचं म्हणणं. त्यांचं तोंड चालायचंही तसंच. खुर्चीतल्या पोराची पाचावर धारण बसलेली असायची. मावशी त्याला आ करायला लावत आणि कार्टूनमधल्या टोपीवाल्या अस्वलाची गोष्ट सुरू करत, थेट अस्वलाच्या घोगऱ्या आवाजात. मध्येच विचारत, अस्वल विहिरीत पडलं का? तोंड उघडं असल्यानं उत्तर बोटांनी द्यायचं. अंगठा म्हणजे हो, करंगळी म्हणजे नाही. पोर बोटांचा हिशोब लावेपर्यंत सुई टोचून बाहेरही आलेली असे.

अलीकडे मात्र अस्वलानं दगा दिला होता. मावशींनी तो आवाज लावला की पोरं सुई राहिली बाजूला, त्या आवाजालाच घाबरायची. शेजारच्या खोलीत धाकट्या डॉक्टरीणबाईंनी छतालाच टीव्हीचा पडदा लावला होता. तिथे पोरं हवं ते बघत मुकाट पडून राहत. मावशींनाही तो लावता आला असता, पण त्यांना ते हार मानल्यासारखं वाटायचं. हट्टीपणात त्या आपल्या पेशंटांना हार जाणाऱ्या नव्हत्या.

त्यातच ती मुलगी आली. सात वर्षांची, दोन दाढा किडलेल्या, आणि तोंडाला कुलूप. पहिल्या दिवशी मावशींनी अस्वल आणलं, तशी तिनं दातखीळच बसवून घेतली. तिचे वडील हात धरायला पुढे सरसावले, तर मावशींनी त्यांनाच बाहेर काढलं. धरून, दाबून त्यांनी आजवर एकही दात काढला नव्हता. शेवटी आई म्हणाली, आणखी एकदा बघू, नाहीतर मोठ्या हॉस्पिटलात पूर्ण भूल देऊन काढू.

त्या दिवशी मावशींनी नर्सबाईंना सांगून टाकलं की ही पोरगी मोठ्या हॉस्पिटलात गेली तर यापुढे सगळी लहान मुलं पलीकडच्या खोलीत पाठवायची. आपण आता कवळ्या बसवू. त्यांनी हे हसत सांगितलं, पण नर्सबाई हसल्या नाहीत.

मग त्यांनी कंबर कसली. आईला फोन करून मुलगी काय बघते ते विचारलं. झिंगा आणि डबडू, असं उत्तर आलं. रविवारी चष्मा पुसून त्या टीव्हीसमोर बसल्या. पडद्यावर सगळे एकदम ओरडत होते, कुणी निळं व्हायचं, कुणी फुटायचं, आणि का फुटलं हे कळायच्या आत गाणं लागायचं. अखेर त्यांनी परगावी नोकरी करणाऱ्या मुलाला फोन लावला. तो खो खो हसला. "आई, मला तरी कुठे माहीत? मीही आता म्हाताराच झालो की," असं म्हणाला आणि मीटिंगला बोलावलं म्हणून त्यानं फोन ठेवला.

ठरलेल्या दिवशी मुलगी आईचा पदर सोडून कशीबशी खुर्चीत चढली. मावशींनी बोटांची रीत समजावली आणि हिरडीला मलम लावण्यापुरतं तोंड उघडून घेतलं. मग त्यांनी पाठ केलेलं म्हणायला सुरुवात केली. "तर झिंगा आकाशात उडाला..."

करंगळी ताडकन वर आली.

मावशी गडबडल्या. "बरं, मग डबडू उडाला. झिंग्याच्या पोटातून वीज निघाली..."

आता दोन्ही करंगळ्या हवेत. डोळ्यांत भीती नव्हती, नुसता संताप होता. मावशींचं सगळंच चुकत होतं. झिंग्याची आई त्यांनी डबडूला दिली, डबडूचा शत्रू झिंग्याचा मित्र करून टाकला. मुलगी खुर्चीत तळमळत होती, पण त्यांच्या चुका मोजण्याच्या नादात तोंड मिटायचं विसरली होती. नर्सबाईंनी हनुवटीखालून सुई पुढे केली. ती आत जाऊन बाहेर आली, तरी करंगळ्या काही खाली आल्या नाहीत.

बधिरता चढेपर्यंत थांबायचं होतं. तोंड मोकळं होताच मुलीनं झाडायला सुरुवात केली. झिंगा उडत नाही, झिंगा पाण्यातला आहे, एवढंही कसं माहीत नाही. मावशी गुन्हेगारासारख्या ऐकत उभ्या राहिल्या.

बोलता बोलता मुलगी थांबली. "तुम्हाला घरी कुणी सांगत नाही का?"

मावशींनी हातातला कापूस ट्रेमध्ये ठेवला. इतकी वर्षं त्या समजत होत्या की आपल्याला मुलं कळतात. खरं तर एकच मुलगा, त्यांचा स्वतःचा, लहानपणी सोफ्यावर त्यांना रेलून बसायचा आणि अस्वलानं काय काय केलं ते सांगायचा. त्यांना तेवढंच येत होतं. त्यांना एकदम फार एकटं वाटलं.

"सांगणारा होता गं," त्या म्हणाल्या. "मोठा झाला."

मुलीनं विचार केला. ओठ जड झाल्यानं तिचे शब्द आता घसरत होते.

"मग आधी या दाढा काढून घ्या," ती म्हणाली. "नंतर सगळं पहिल्यापासून सांगते. मध्ये बोलायचं नाही."

आणि कुणीही न सांगता तिनं मोठा आ केला.