छतावरच्या आठ स्की

मी एक जुनी, विजेवर चालणारी मोटार आहे. मित्रांनो, राग धरून बसणे म्हाताऱ्यांना शोभत नाही, हे मला कळते. पण २०१९ च्या ईस्टरचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

माझी मालकीण बोर्गहिल्डबाई. जन्मभर टपाल वाटून निवृत्त झालेल्या. ऑस्लोच्या त्यांच्या गल्लीतली पहिली विजेची गाडी मीच. शेजारी कौतुकाने मला बघायला येत. दर ईस्टरला बाई मला घेऊन एकट्याच चारशे किलोमीटरवरच्या रोरोसला, आपल्या लाकडी घरी जात. वीज वाचावी म्हणून हीटर बंद, गुडघ्यांवर लोकरीचे पांघरूण. वाटेत तीनदा चार्जिंगला थांबून आम्ही पोचत असू. पाच वर्षांत चौथा थांबा कधी लागला नाही.

त्या वर्षी त्यांच्या मुलाने, ट्रोंडने, नवी लांबलचक विजेची गाडी घेतली.

"आई, तुझी गाडी म्हणजे चाकं लावलेला थर्मास."

"थर्मास टिकतो तरी. तुझी ही तिसरी ना रे?"

त्याला ते झोंबले. "मग होऊन जाऊ दे तुलना. बरोबरच निघू. तीनदा थांबून पोचलीस तर मी गप्प. चौथ्यांदा थांबलीस तर किल्ली माझ्याकडे द्यायची. शहात्तराव्या वर्षी त्या थंडीत एकटी अडकशील कुठेतरी."

बाई हो म्हणाल्या. त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

निघायच्या सकाळी ट्रोंडने घरातल्या सगळ्यांच्या स्की, म्हणजे बर्फावर घसरायच्या लांब पट्ट्या, चार जोड्या, माझ्या डोक्यावर बांधल्या. का, तर त्याच्या गाडीचे छत काचेचे, त्यावर ओरखडे पडतील!

ग्लोमा नदीच्या खोऱ्यात समोरून वारा सुटला. त्या स्की वारा अडवत होत्या आणि माझी बॅटरी भराभर उतरत होती. बाईंनी वेग कमी केला, हातमोजेही चढवले. तरी रोरोस पन्नास किलोमीटर उरले असताना, टिन्सेटला, चौथ्यांदा थांबावेच लागले. एकदाच थांबलेला ट्रोंड तिथे वॅफल खात उभा होता.

त्याची बायको सिल्ये म्हणाली, "अरे, त्यांच्या गाडीच्या डोक्यावर आपल्या स्की होत्या. ते धरायला नको का?"

"स्की सगळेच नेतात. त्या कोण मोजतं?"

सणासुदीला भांडण काढणे बाईंकडे फार वाईट समजतात. रोरोसला पोचल्यावर त्यांनी आठही स्की स्वतः उतरवल्या, पुसून भिंतीला लावल्या आणि किल्ली मुलाच्या हातावर ठेवली.

परतताना स्की तिथेच राहिल्या. मला सिल्येने चालवले. आम्ही तीनदाच थांबलो. तिने ट्रोंडला तसे सांगितले, तर तो म्हणाला, "ठरलं ते ठरलं."

ट्रोंडने त्यानंतर आणखी दोन गाड्या बदलल्या. सिल्ये दोन ईस्टर सासूबाईंना रोरोसला घेऊन गेली, मग नोकरीसाठी ती बर्गेनला गेली. मला विकले गेले; आता मी एल्वेरुमच्या एका बेकरीचे पाव वाहते. बोर्गहिल्डबाईंनी पुन्हा कधी गाडी चालवली नाही. गेल्या वर्षी त्या वारल्या.

मित्रांनो, म्हाताऱ्यांची परीक्षा घ्यायचीच असेल, तर आधी त्यांच्या डोक्यावरचे तुमचे ओझे उतरवा.