चार नंबरचा माइक

शेवटचा स्वर विरून गेला, तरी कुणी मान वर केली नाही. उत्तराचं बोट बेस गिटारच्या तारेवर तसंच दाबलेलं होतं. ऑर्गनमागे श्रीपाद, ड्रम्सपाशी अंशुमन. वरचं सोफ्यांचं वर्कशॉप मंगळवारी बंद असे. गाझियाबादच्या त्या तळघरात भरदुपारीही वरून ठोकाठोकी ऐकू येत नव्हती.

तीन आठवड्यांत पहिल्यांदाच तिघं एका क्षणी सुरू झाले होते.

त्यांच्या बँडमध्ये सुरू करताना कुणी एक-दोन-तीन-चार मोजत नसे. शब्दांवाचूनचं, अमेरिकी ढंगाचं सोल संगीत. त्याची सुरुवातही शब्दावाचून व्हावी, हा विक्रांतचा हट्ट. तो सॅक्सोफोन ओठांना लावी, श्वास आत ओढी, आणि त्या श्वासाच्या काठावरून सगळे एकदम उडी घेत. मार्चमध्ये तो आणि ट्रम्पेट वाजवणारी रेवती मेलबर्नला निघून गेले. अल्बम अर्धाच राहिला. उरलेल्यांनी मोजून पाहिलं, माना हलवून पाहिल्या. सुरुवात दर वेळी फाटली. आजही जमलं नाही तर अंशुमन पुण्याची नोकरी धरणार होता. तो गेला की बँड संपला, हे उत्तराला ठाऊक होतं.

"कमाल झाली यार," अखेर श्रीपाद म्हणाला. "इशारा कुणी दिला?"

"मला वाटलं, तू," उत्तरा म्हणाली.

"माझी तर पाठ होती तुमच्याकडे."

त्यानं रेकॉर्डिंग लावलं. पहिल्या ठोक्याआधी कुणीतरी श्वास आत ओढला. दीर्घ, किंचित घरघरता. दिल्लीच्या हिवाळ्यांनी एका छातीत ठेवून दिलेली ती घरघर तिघांच्याही ओळखीची होती.

"कुठल्या माइकवर आहे हे?" अंशुमननं विचारलं.

"चार नंबर."

तिघांनी कोपऱ्याकडे पाहिलं. चौथा माइक विक्रांतचा. सकाळी मांडामांड करताना उत्तरानंच तो सवयीनं उभा केला होता, नेमका त्याच्या ओठांच्या उंचीवर.

"तो गेल्याची बातमी तुझ्या हातांना कुणी कळवलीच नाही वाटतं," श्रीपाद म्हणाला.

"वायर काढ," अंशुमन म्हणाला. "आपण तिघं आहोत. तिघांचंच वाजवू."

उत्तरानं वायर काढली. सगळे जागेवर बसले. बोटं पट्ट्यांवर, काठ्या हवेत. एक मिनिट गेलं. मग आणखी एक. अंशुमनच्या काठ्या काही खाली येईनात. सुरुवात समोरच कुठेतरी होती आणि तिच्यापर्यंत जाण्याची वाट कुणालाच सापडत नव्हती.

उत्तरा उठली. वायर पुन्हा जोडली. तिला कुणी अडवलं नाही.

ती जागेवर येते न येते तोच तो श्वास आला, या वेळी रेकॉर्डिंगमध्ये नव्हे, खोलीत. आणि तिघांचे हात एकदम पडले. इतकं सुंदर त्यांनी कधीच वाजवलं नव्हतं, पाचजण असतानाही.

"झालं!" श्रीपादचा आवाज कोरडा होता. "उरलेल्या चार रचना उद्या."

अंशुमननं काठ्या पिशवीत घातल्या. जाता जाता तो कोपऱ्यात थांबला, चौथ्या माइकसमोर त्यानं उघडा तळवा धरला आणि चटकन मागे घेतला.

"अंशुमन," उत्तरा म्हणाली, "उद्या येशील ना?"

त्यानं माइकपाशी ओला झालेला तळवा पँटला पुसला, पुन्हा एकदा पुसला, आणि तो जिना चढून गेला.